हेडमास्तरांचं कपाट आणि किसनाची शपथ

चार शहाणी माणसं एका पोराच्या भल्यासाठी एका खोलीत बसवून बघा. किस्से गोळा करायची वेगळी मेहनत लागत नाही, ते आपणहून मागे लागतात! आमच्या मंडळाचे इतके साचलेत की एक सांगायला घेतला की दुसरा रुसून बसतो. आज फक्त किसनाचे सांगतो. आता हसत सांगतो खरा, पण तेव्हा घास घशाखाली उतरत नव्हता.

काळ निजामाच्या राजवटीतला, गाव हैदराबाद. रस्त्यावर भरकटलेल्या पोरांना शाळेत घालायचं आणि हाताला काम मिळवून द्यायचं, एवढाच मंडळाचा उद्योग. त्यात होते शाळेचे हेडमास्तर दामूअण्णा, सिकंदराबादच्या छावणीत मोटार दुरुस्तीचा कारखाना काढलेले पिंटोसाहेब, ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे आपले फौजदार, आणि बरकतपुऱ्यात राहत्या घरी गरीब विद्यार्थ्यांचं वसतिगृह चालवणारी माझी गोदूआत्या. ह्या चौघांना एकमेकांशी बोलायला लावणारा मी, नवशिका वकील. अदालतीतली भांडणं मला सोपी वाटायची ती ह्या मंडळामुळे!

* * *

किसना सोळा-सतरा वर्षांचा. नांदेडकडून चुलत्याबरोबर आला, चुलता कुठेतरी नाहीसा झाला आणि पोरगा एका कुलूपवाल्याच्या हाती लागला. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद लोकांची कुलपं दुरुस्त करी आणि सवड मिळाली की मालकाला न विचारता उघडीही! एक दिवस उस्ताद निसटला आणि किसना सापडला.

अमीनसाहेबांनी त्याला कोठडीत घातलं, बाहेरून कुलूप लावलं आणि ते नमाजाला गेले. परत येऊन बघतात तर कोठडी सताड उघडी, आणि किसना बाहेरच्या बाकावर स्वस्थ बसलेला!

"भागा कायकू नै रे?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"भागने कू थोडीच खोला साब! अंदर गरमी होरी थी."

अमीनसाहेबांनी मला बोलावून घेतलं. माणूस सज्जन, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला होता. "वकीलसाब, ये पोट्टा जेल गया तो अंदर इसके उस्ताद से बड़े उस्तादां बैठे हैं. इसकू काम दिलाओ, इस्कूल का कागज दिखाओ, मैं मुन्सिफसाब से बोल लेतौं. नै तो मैं मजबूर हूँ."

* * *

लगेच आत्याच्या ओसरीवर बैठक भरवली. किसना एका कोपऱ्यात, दाराशी शिपाई.

दामूअण्णा म्हणाले, "राहायचा पत्ता आणि पालक असल्याशिवाय शाळेत नाव घालता येत नाही." आत्या म्हणाली, "वसतिगृह विद्यार्थ्यांचं. आधी शाळेत नाव घाला, मग ठेवते." पिंटोसाहेब म्हणाले, "पुलिस का भरोसा होना. उसके पीछे हम काम देगा." अमीनसाहेब म्हणाले, "पहले काम, फिर भरोसा."

झालं! चौघेही अतिशय अदबीनं एकमेकांना पुढे करत होते, "आधी आपण, आधी आपण." चहा आला, संपला, परत आला. शेवटी कोपऱ्यातून आवाज आला.

"मैं जाके बैठूँ क्या जेल में? तुम लोगां आराम से तय करके बोलो!"

कुणी हसलं नाही. आत्या उठली आणि त्याच्यासाठी ताट वाढायला आत गेली. अशा रीतीनं पत्त्याचा प्रश्न सुटला.

* * *

दुसऱ्याच सकाळी आत्याचं लोणच्याचं कपाट उघडं. कुलूप शाबूत, बरणी अर्धी!

आत्या ओरडली नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली. तिनं किसनाला जेवायला बसवलं आणि वाढलेल्या ताटावर हात ठेवायला लावला. "म्हण, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणार नाही."

किसना शपथ घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याच म्हणाली, "थांब. आधी उघडलंस कसं ते दाखव बघू."

दोघं स्वयंपाकघरात गेले आणि दार लागलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा किसना लाजलेला होता आणि आत्या पदरानं हात पुसत होती. मग शपथ झाली. किसना रडला. मीही रडलो असतो, पण वकिलाला शोभलं नसतं.

* * *

चार दिवसांनी दारात उस्ताद उभा! स्वच्छ शेरवानी, तोंडात पान. "मैं किसना का चाचा. लेने कू आया हूँ."

मी ओसरीवर होतो. किसना आत न्हाणीघरापाशी भिंतीला चिकटलेला, ओठ पांढरे. उस्तादानं त्याच्याकडे फक्त पाहिलं, आणि पोरगा पाय ओढत निघाला की हो! भीती काय असते ते मी त्या दिवशी पाहिलं.

आत्या मध्ये आली. "चाचा? अगं बाई, देवच पावला! आमचे हेडमास्तर पालक हवा म्हणून कधीचे अडून बसलेत. " मग माझ्याकडे वळून, "बाळ्या, टांगा बोलाव. ह्यांना आधी शाळेत नेऊ, मग ठाण्यात. अमीनसाहेबांसमोर एक अंगठा दिला की झालं!"

टांगा आला तेव्हा चाचा गल्लीच्या टोकालाही दिसला नाही. दामूअण्णांच्या नियमाचा कुणाला काही उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला. आत्यानं त्याच संध्याकाळी पालक म्हणून स्वतःची सही ठोकली.

* * *

आता तारखेचं ऐका. पिंटोसाहेब किसनाचं काम बघणार, दामूअण्णा त्याला संध्याकाळच्या वर्गात घेणार, अमीनसाहेब दोघांचं ऐकून त्याला मुन्सिफांपुढे, म्हणजे न्यायाधीशांपुढे, नेणार. सगळं ठरलं. कधी? सगळे एका सुरात म्हणाले, "दहाला!"

पिंटोसाहेब इंग्रजी दहा तारखेला आले आणि ओसरीवर एकटेच बसून, चिडून निघून गेले. आत्यानं शिरा केला तो श्रावणातल्या दशमीला. अमीनसाहेब उगवले सरकारी दहाला. आमच्या संस्थानात सरकारी महिने फसली सनाचे, त्यांची दहा तारीख भलतीकडेच! आणि ते एकटे आले नव्हते, किसनाला न्यायला शिपाई घेऊन आले होते.

"मेरी तो यहीच दस है," ते म्हणाले.

मी हात जोडले. त्यांनी शिपायाला फाटकाबाहेर थांबवलं आणि बराच वेळ मिशीशी खेळत बसले. "अगला जुमेरात. आखरी. उसके पीछे मेरे हात में कुछ नै."

म्हणजे गुरुवार. शुक्रवारी अदालत बंद, रविवारी पिंटोसाहेब बंद, पण गुरुवार सगळ्यांचा एकच! त्यानंतर आमच्या मंडळात तारीख हा शब्द कुणी उच्चारला नाही.

* * *

त्या गुरुवारी सगळे शाळेत वेळेवर हजर. ही गोष्ट पुन्हा कधी घडली नाही. पिंटोसाहेबांनी किसनाचे हात उलटसुलट बघून पसंत केले होते. अमीनसाहेबांचा टांगा फाटकात उभा होता. शाळेच्या दाखल्यावर दामूअण्णांनी सही केली. राहिला फक्त शिक्का, आणि तो कपाटात. शिक्क्याशिवाय मुन्सिफ कागदाकडे बघतसुद्धा नसत.

दामूअण्णा कपाटाची किल्ली जानव्याला बांधत. त्यांनी सदऱ्यात हात घातला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. किल्ली नाही! त्यांनी गर्रकन मान वळवली ती थेट किसनाकडे.

"कुठं आहे किल्ली?"

किसनाचा चेहरा कागदासारखा झाला. माझ्या मनातही नको ते येऊन गेलं.

"दामूअण्णा," आत्या म्हणाली, "काल श्रावणी झाली ना?"

"झाली. मग?"

"नवं जानवं घातलंत. जुनं कुठं सोडलंत?"

दामूअण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. "मुसी नदीत," ते पुटपुटले.

कपाट शिसवी, कुलूप हाताएवढं. सुतार येऊन तोडेपर्यंत अदालत उठणार. कुलूपवाला बोलवावा, तर ह्या भागातला कुलूपवाला म्हणजे तो उस्ताद! हळूहळू सगळ्यांच्या नजरा किसनाकडे वळल्या. पण बोलणार कोण? समोर अमीनसाहेब बसलेले. पोरानं त्यांच्यादेखत कुलूप उघडलं, तर मुन्सिफांपुढे शपथेवर ते काय सांगणार?

अमीनसाहेब सावकाश उठले. आमच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहिले. "मास्टरसाब, ये हिंदुस्तान के नक्शे में हमारा ठाणा किधर है? मैं जरा ढूँडतौं."

मी किसनाला खूण केली. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. डोळे भरून आलेले.

"नक्को वकीलसाब. ताटावर हात ठेवून बोललोय आत्याबाईला. जेल होऊ दे."

पिंटोसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दामूअण्णा खुर्चीत खचले. बाहेर टांग्याचा घोडा खूर आपटत होता.

तेवढ्यात आत्या उठली. कमरेची चंची सोडून तिनं गोधड्या शिवायचा दाभण काढला, कपाटाशी गेली आणि किसनाजवळून जाताना हळूच म्हणाली, "शपथ तुझी आहे रे. माझी नाही."

खट्!

अमीनसाहेब नकाशावर वाकलेलेच. मान न वळवता त्यांनी विचारलं, "क्या मास्टरसाब, चाबी मिल गई?"

"हौ," दाभण चंचीत ठेवत आत्या म्हणाली, "माझ्यापाशीच होती!"