हसण्याचं माप

चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक आजोबा नवी फ्रेम लावून आरशासमोर बसले होते, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ताठ. फ्रेम नाकावर नीट टेकली होती, कानामागे टोचत नव्हती. दुकानदार म्हणाला, "एकदम मापात आहे."

"थांबा," मागे उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या. "अहो, जरा हसा बघू."

"उगीच कसं हसू?"

आजी त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या. आजोबा असे खळखळून हसले, की गाल वर आले आणि गालांबरोबर चष्माही भुवयांवर चढला.

"बघितलंत?" आजी दुकानदाराला म्हणाल्या. "कमी उंचीची काच असलेली फ्रेम द्या. घरी हे दिवसभर हसतात."

शिंप्यासमोरही आपण पोट आत ओढूनच उभे राहतो. माप देतो तो माणूस वेगळा, आणि पुढे ते कपडे घालून पोटभर जेवतो तो वेगळा.

माझी पाळी आली. नवी फ्रेम लावून मी आरशात हसून पाहिलं. चष्मा जागचा हलला नाही, कारण ते हसू फोटोतलंच होतं. मी आजींना विचारलं, "मघाशी त्यांच्या कानात काय सांगितलंत?"

"ते तुम्हाला नाही चालायचं," आजी म्हणाल्या. "ते यांच्याच मापाचं आहे."

माझा चष्मा भुवयांवर चढला.