उंबऱ्याबाहेरच्या साळवेबाई

भर दुपारी धडधाकट नवऱ्याला मी एकदा कडब्याच्या गंजीत कोंबलं होतं. तेही एका मास्तरीणबाईला घाबरून. आज सांगितलं की नातवंडं हसून लोळतात. तेव्हा मात्र मी स्वतःला हसनाबादेतली सगळ्यात हुशार सून समजत होते.

आणीबाणी चालू होती. नसबंदीची गाडी गावोगाव फिरायची, आणि शाळामास्तरांनाही 'केस आणा', म्हणजे नसबंदीला माणूस आणा, असा हुकूम होता. त्यामुळे पेन घेऊन दारात आलेलं माणूस आम्हाला यमच वाटे. गावच्या शाळेतल्या साळवेबाई आल्या त्या तशाच. काटक, सावळ्या, एका हातात पेन, दुसऱ्यात काडी मोडलेली छत्री. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. त्या बौद्ध, त्यांना आत बोलवायची आमच्या घरात रीत नव्हती. म्हणजे आम्ही त्यांना उन्हात उभं करायचं आणि वर संशयही त्यांच्यावरच घ्यायचा!

"घरात कोण कोण आहे, वैनी?"

"कोणीच न्हाई. हे तर सकाळीच भोकरदनला गेले."

तेवढ्यात कडबा शिंकला.

बाईंनी गंजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राहू द्या त्यांना तिथंच, ऊन लय आहे. मी तुमच्या पोरीसाठी आले. सात वर्षांची झाली ना सुमन? शाळेत कधी घालता?"

मी मनात म्हटलं, बघा, कशी गोड बोलून राह्यली! पोरीचं नाव लिहायचं तर बापाचं नाव आलंच. आज शाळेच्या पटावर, उद्या गाडीत. मी साफ नकार दिला.

"बरं, नाव नका सांगू. नुसती पोरगी पाठवा."

बिननावाची शाळा! आता तर माझा संशय पक्काच झाला. पण सुमन हटून बसली. तिला पाठवली, आणि रोज तिच्यामागोमाग शेणाची पाटी घेऊन मीही शाळेच्या खिडकीखाली पहाऱ्याला.

तिथं भलतंच ऐकू यायचं. एकदा बाई म्हणाल्या, "शाळेमागची विहीर दोन हात खोल आहे." पोरांनी माना डोलावल्या. "जा, दोर सोडून मोजा." पोरं ओरडतच परत आली, "बाई, दोर पुरंना!"

"मंग मघाशी माना कशाला हलवल्या? मास्तरीण बोलली म्हणून? कुणी बी बोलू द्या, आधी मोजायचं."

हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पोरं बिघडवून राह्यली ती. उद्या सुमी मला बी मोजंल." मला ते अगदी पटलं. तरी पहारा काही सोडला नाही. त्या भानगडीत सुमनच्या आधी मलाच बाराखडी आली, हे मी कितीतरी दिवस कुणाला कळू दिलं नाही.

मग एक दिवस बातमी आली : बाईंची वडीगोद्रीला बदली. एकही केस दिली नाही म्हणून. आमच्या गंजीत एक आयती बसली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माझ्या हुशारीबद्दल मला पहिल्यांदाच शंका आली.

जायच्या दिवशी त्या पट घेऊन आल्या. मी त्यांना आत बोलावलं, घोंगडी टाकली. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"वैनी, आज नाव लिहावंच लागंल. पटावर नाव नसलेल्या पोरीला मी गेल्यावर वर्गात कोणी बसू देणार न्हाई."

"मंग घ्या शपथ, की तिच्या बापाचं नाव गाडीवाल्यांच्या हाती जाणार न्हाई."

वाटलं, आता घेतीलच झटक्यात. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"कशी घेऊ? पट सरकारचा आहे. माझ्या हातातून गेल्यावर कोण उघडंल, मला काय माहीत?"

खोटं बोलून काम झालं असतं, तिथं ही बाई खरं बोलली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खांबाला टेकून बसले होते. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. सुमन दारात दप्तर धरून उभी. आणि मी नवऱ्याचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा, उखाण्याबिगर, आडनावासकट, सासूसमोर. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

बाईंनी ते लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि दारात चप्पल घालता घालता मला म्हणाल्या :

"वैनी, उद्या नवे मास्तर येतील. खिडकीखाली बसून माझ्यावर घेतला, तेवढाच संशय त्यांच्यावर बी घ्या. पोरगी बराबर शिकंल."