तीन बोटांची खळ

तिच्या केसांना कुठे ना कुठे वाळलेली खळ लागलेली असायची, म्हणून वर्गातल्या मुली तिला ‘डिंकी’ म्हणायच्या. चिडवायलाच ठेवलेलं नाव ते, पण ही ते पदवीसारखं मिरवायची. शाळेमागच्या गल्लीत तिच्या आईचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. खाली एक खोली दुकानाची, वर दोन घराच्या. आमच्या शाळेची फाटकी पुस्तकं आणि नवी रजिस्टरं तिथेच जायची.

चौथीत मी वर्गाला ‘मी कोण होणार’ हा निबंध लिहायला दिला. कुणी डॉक्टर झाली, कुणी वैमानिक. डिंकीने एकच ओळ लिहिली होती : मी आई होणार. मी तिला टेबलाशी बोलावलं.

“अगं, आई काय, पुष्कळजणी होतात. काम कोणतं करणार ते लिही.”

“तशी नाही हो बाई. मी माझी आई होणार.”

आणि ती होतही होती. आईसारखा पदर नव्हता, तर फ्रॉकची कड कमरेला खोचायची. दोरा आईसारखाच दातांनी तोडायची. आईच्या उजव्या हाताची तर्जनी कधीकाळी कापायच्या यंत्रात सापडली होती. बोट वाचलं, पण ताठ राहिलं. आईला ब्रश आवडायचा नाही. ती खळ हातानेच पसरायची, तर्जनी वर धरून, उरलेल्या तीन बोटांनी. डिंकीही तशीच पसरायची. बघणाऱ्याला वाटावं, या घरात हे बोट वापरायची मनाईच आहे.

दुकानात दोन फळ्या होत्या. पुस्तक झालं की आई त्याच्या पाठीवरून अंगठा दाबत न्यायची आणि मनासारखं झालं असेल तर वरच्या फळीवर ठेवायची. तिथून ते गिऱ्हाइकाच्या हातात जायचं. खालच्या फळीवरचं पुन्हा बघायचं. डिंकीची पुस्तकं खालच्या फळीवर जायची. बारा वर्षांची झाली तरी खालच्याच.

तेवढ्यात मामाची मुलगी राहायला आली. मामाची सारखी बदली व्हायची, मुलीच्या शिक्षणाचे हाल नकोत म्हणून त्याने तिला आत्याकडे ठेवलं. डिंकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, उंच, शांत. तिसऱ्याच आठवड्यात तिने एक जुना शब्दकोश बांधला. आत्याने अंगठा फिरवला आणि शब्दकोश वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी डिंकी वर्गात खिडकीकडे तोंड करून बसली.

“काय गं, कुणाशी भांडलीस?”

“कुणाशी नाही. बाई, ती खळ पसरते ना, चारही बोटांनी पसरते. कुणी शिकवलं तिला तसं? आई तर तसं करत नाही.”

मग तक्रारींची रांगच लागली. ती आईच्या स्टुलावर बसते. आई तिला हाक मारते तेव्हा आवाज मऊ होतो. ती जेवताना म्हणते, “आत्या, तुमच्यासारखं कधी जमणार मला?” आणि आई हसते! “माझ्याकडे बघून आई कधी हसलीय, सांगा बाई.” मुलीचं तोंड इतकंसं झालं होतं.

त्याच सुमारास मी शाळेचं प्रवेश रजिस्टर बांधायला दिलं. जाडजूड, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत शाळेचं नाव. आईने ते काम भाचीला दिलं. तिने पानांच्या घड्यांचे फर्मे शिवले, पुठ्ठा चढवला, रजिस्टर दाबयंत्रात ठेवलं आणि आत्याबरोबर जेवायला वर गेली. दुसऱ्या दिवशी मी न्यायला गेले, तर आईने ते यंत्रातून काढून माझ्यापुढे ठेवलं. मी उघडलं. आतले रकाने सरळ होते, शाळेचं नाव मात्र डोक्यावर उभं.

भाची पांढरीफटक पडली. “आत्या, मी सरळ लावलं होतं. शपथ!”

“लागतं कधी कधी उलटं,” डिंकी म्हणाली. “नवीन आहे ना ती.”

आईने पातळ सुरी घेतली, पुठ्ठ्याला चिकटवलेला आतला कागद कोपऱ्यापासून हलकेच सोडवला आणि रजिस्टर उजेडाकडे नेलं. पुठ्ठ्यावर खळ वाळली होती. तिच्यात रेघा होत्या. तीन, मग जरा जागा, पुन्हा तीन.

“ही माझ्या हाताची खळ,” आई म्हणाली. “आणि मी तर या रजिस्टराला हात लावला नव्हता. आम्ही वर जेवत असताना कुणीतरी ओला पुठ्ठा काढून उलटा चढवलाय.”

डिंकीचा उजवा हात पाठीमागे गेला.

“इकडे आण तो हात.” आईने तिची तर्जनी धरली, वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. “माझं बोट यंत्राने खाल्लं. तुझ्या बोटाला काय झालंय?”

“तू तशीच करतेस.”

“मी नाइलाजाने करते, बाळा! या बोटाच्या जागी खळ पुरत नाही माझी, सांधा सुटतो. अंगठ्याने दाबून दाबून मी तो निस्तरते. तू माझी खोड तेवढी उचललीस. म्हणून तुझी पुस्तकं खाली राहतात. हिच्यावर काय जळतेस?”

रजिस्टर डिंकीनेच पुन्हा बांधायचं, चारही बोटांनी, असं ठरलं. मी म्हटलं, मला घाई नाही. अकरा दिवस लागले. तर्जनी ऐकेचना, खळ कधी गोळा व्हायची, कधी पानांवर जायची. मामेबहिणीने मदत करू का असं विचारलं तर ही फणकारली, “तुझं तू बघ.” अकराव्या दिवशी मी दुकानातच होते. आईने अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा, आणि रजिस्टर वरच्या फळीवर ठेवलं. डिंकी रडेल असं मला वाटलं होतं. तिने आधी मान उंच करून पाहिलं, ते मामेबहिणीच्या पुस्तकाच्या अलीकडे ठेवलंय की पलीकडे.

आज आई नाही. दुकान डिंकी चालवते. तिची स्वतःची मुलगी दातांची डॉक्टरकी शिकते आहे. मामेबहीण दूर एका मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करते आणि केलेल्या कामांचे फोटो पाठवते. परवा मी गेले तेव्हा डिंकी फोन नाकाशी धरून बसली होती.

“बघा बाई. पुस्तकाची पाठ जरा जाड आलीय की नाही?”

मला तर पाठ सुबक दिसत होती. मी तसं म्हटलं.

“असेल,” डिंकी म्हणाली आणि समोरच्या पुठ्ठ्यावर खळ पसरू लागली. तिची तर्जनी वर गेली होती, ताठ, आईसारखी. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं.

“हसू नका हो बाई,” ती म्हणाली. “तिच्या कामाचा फोटो आला की असंच होतं.” आणि दुसऱ्या हाताने तिने ते बोट खाली दाबलं.