दुःखातला विसर्ग

वडिलांच्या तेरवीच्या पत्रिकेत शुद्धलेखनाची एकच चूक झाली.

वडील घरीसुद्धा मास्तरच. भामरागडकडच्या शाळांत त्यांची सगळी नोकरी गेली. कागद कोणाचाही असो, चूक दिसली की लाल पेन्सिलीने गोल आणि खाली शेरा: 'दहा वेळा लिहा.' 'दुःख' या शब्दावर तर त्यांचा फार जीव. वर्गात सांगायचे, "विसर्ग म्हंजे दोन थेंब. दुःखातले थेंब गाळाचे नाई बे!" दवाखान्यात शेवटी शेवटी मला म्हणाले, "माह्या तेरवीची पत्रिका तूच लिहिजो. पन चुकू नोको."

म्हणजे मुलगा म्हणून एवढं एकच काम होतं!

नेमकं त्याच आठवड्यात दुकानदाराने माझ्या कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टिम काढून नवी टाकली होती. अक्षरं इतकी बारीक झाली, की पडद्यावर कुणी तीळ सांडलेत असं वाटावं.

"काहो, मोठी करा नं अक्षरं," बायको म्हणाली.

"तेच करून राह्यलो!"

केलं. बाण मोठा झाला. (माउसचा बाण, चांगला कोंबडीएवढा!) अक्षरं तशीच. मग दुसरं काहीतरी दाबलं, तर पडदा काळा पडला. परत आला तेव्हा तीळ जाऊन खसखस!

"आता दिसते?"

"तू जाय इथून!"

बाप गेला होता आणि मी खसखस निवडत बसलो होतो. रडायलाही सवड नव्हती. शेवटी अंदाजाने टाइप केलं. मी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतो, आणि कीबोर्डवर 'डी' न् 'एस' शेजारी शेजारी. पत्रिका तशीच नातेवाइकांच्या मोबाइलवर धाडली. भामरागडला नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून तिकडचा गठ्ठा छापखान्यातून परस्पर एसटीने गेला. (छापखानेवाल्याला चूक दिसली होती. 'त्यांच्या घरचा मामला,' म्हणून तो गप्प बसला!)

दुसऱ्या दिवशी मला 'स्केल' नावाचा रकाना सापडला. दाबला, आणि अक्षरं एवढी फुगली, की अख्ख्या पडद्यावर दोनच शब्द मावले: 'सुखद निधन'.

तेवढ्यात गडचांदूरच्या आत्याचा फोन.

"माहा भाऊ गेला, तं तुले सुख झालं काय रे?"

"आत्या, अक्षर बारीक..."

"अक्षर बारीक, का काळीज?"

तिने रडत फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेरवीला पांडूभाऊ आले. वडिलांचे भामरागडचे विद्यार्थी, आता केस पांढरे झालेले. फोटोला हात जोडून त्यांनी पत्रिका माझ्यापुढे धरली. 'सुखद'भोवती लाल गोल. खाली: 'दहा वेळा लिहा.'

"राग नोको येऊ देऊ, भाऊ. चूक दिसली तं गोल मारल्याबिगर कागद खाली ठेवाचा नाई, असं मास्तरनंच शिकवलं."

फोटोखाली बसलो आणि पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहू लागलो. दुःखद निधन. दुःखद निधन. पांडूभाऊ तपासायला शेजारीच. दहाव्या ओळीला माझ्या डोळ्यांतून दोन थेंब पडले. पडले तेही 'निधन'च्या पुढे!

पांडूभाऊंनी आधी स्वतःचे डोळे पुसले. मग लाल पेन्सिल काढून त्या थेंबांभोवती गोल मारला आणि थेट मास्तरांच्या आवाजात विचारलं, "निधनाले विसर्ग काऊन देल्ला बे?"

दहापैकी नऊ मिळाले. वडिलांच्या हयातीत मला एवढे कधीच मिळाले नव्हते!