प्रिय येथे नाव लिहा

आमच्या शाळेतले काही किस्से मी सहसा सांगत नाही. सांगता सांगता माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं, मी त्याच्यावरच चिडलेय. पण रिटायर झाल्यापासून ते डोक्यात नुसते साठलेत, आणि सगळे एकाच विषयावरचे. आभारपत्रांचे.

माझं अक्षर चांगलं, हा माझा गुन्हा. आमच्या पेणच्या शाळेला कुणी पैसे दिले की हेडसर म्हणायचे, "बाई, दोन ओळी लिहून टाका." मी रोज रोह्याहून ट्रेनने यायचे. मांडीवर पॅड ठेवून लिहायला बसले की कासू येईपर्यंत एक पत्र व्हायचं.

*

एका कॉन्ट्रॅक्टरने लायब्ररीसाठी देणगी दिली. मी झकास पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी ते परत आलं, लाल पेनने दुरुस्त करून! नावाआधी 'दानशूर' राहिलं होतं म्हणे. वीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला लाल पेन.

"घाला ना बाई," हेडसर म्हणाले. "शब्दाला काय पैसे पडतात?"

घातला. ते पत्र आजही त्याच्या ऑफिसात फ्रेममध्ये आहे. लायब्ररीत मात्र त्यानंतर त्याच्याकडून साधी रद्दीसुद्धा आली नाही.

*

आणि एक गणपतीच्या कारखान्यातले काका होते. सीझन संपला की दरवर्षी यायचे, पाकीट टेबलावर ठेवायचे आणि दारातूनच सांगायचे, "आभार-बिभार नको हां. पत्र आलं तर मी पुन्यांदा येनार नाय."

हेडसरांनी तरी मला पत्र पाठवायला लावलं. का, तर नियम आहे. कुठला नियम, ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

पुढच्या वर्षी काका आले. पाकीट आमच्याच शाळेचं, आत पैसे आणि आमचंच पत्र. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं : 'वाचलं नाय. पैशे घ्या.'

तीस वर्षांत एवढा एकच माणूस मला आवडला.

*

मग एका कंपनीची स्कॉलरशिप सुरू झाली. साहेब गाडीतून आले आणि म्हणाले, "पत्रं मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहायची. मनाला भिडली पाहिजेत."

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मी नमुना लिहून दिला. आणि इथं मीच शेण खाल्लं, कबूल करते. पत्र भिडावं म्हणून मी त्यात एक वाक्य टाकलं : 'माझे वडील मला काहीही देऊ शकत नाहीत.' वर स्वतःवरच खूश झाले. हेडसरांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. दरवर्षी पोरं तो मुकाट उतरवायची.

एका पोराने इतका मुकाट उतरवला की शेवटी सहीच्या जागी 'येथे नाव लिहा' हेही लिहून ठेवलं. ना मी पाहिलं, ना हेडसरांनी. पंधरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं : 'प्रिय येथे नाव लिहा, तुमचे पत्र वाचून आम्ही भारावून गेलो.'

स्टाफरूम हसून लोळली. मला मात्र संताप आला. ते उत्तर मी पर्समध्ये ठेवून दिलं.

*

त्याच्या पुढच्या वर्षी यादीत सानिकाचं नाव आलं. बारावी झालेली, हुशार आणि शिस्तीची मुलगी. रोह्याला नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला होता. फी भरायची शेवटची तारीख शनिवार, आणि साहेब चेक घेऊन आले शुक्रवारी.

आधी फोटो काढायचा होता. सानिका चांगला इस्त्रीचा ड्रेस घालून, वेणी घालून आली होती. साहेबांनी मोबाईल खाली केला. "ही गरजू वाटत नाही हो. केस जरा विस्कटता येतील का?"

"तुमचे विस्कटून देऊ?" मी म्हटलं. हेडसर खोकले. फोटो वेणीसकटच निघाला.

मग पत्र. खाली पालकांची सही लागत होती. सानिकाचे वडील धरमतरच्या जेट्टीवर माल उतरवायचे काम करतात. शिफ्ट संपवून तसेच आले होते, शर्टावर कोळशाची धूळ. सही येते, वाचता येत नाही.

"बाई, लिवलंय काय ते वाचा की," ते म्हणाले. "न ऐकता सही कशी करू?"

मी वाचायला लागले. माझंच वाक्य आलं तेव्हा जीभ अडखळली, पण वाचलं. सानिका खाली मान घालून उभी.

"बाप काहीच देत नाय, व्हय?" ते शांतपणे म्हणाले. "मग बापाची सही कशाला मागता?"

लाज वाटली मला. मी तो नमुना फाडायला गेले. लॅमिनेट केलेला कागद फाटतो कुठला? टेबलावरची कात्री घेऊन कापला.

"बाई, फॉरमॅट आहे तो," हेडसर म्हणाले. साहेब चेक परत बॅगेत घालायला लागले. "असं पत्र नसेल तर आम्हाला वर दाखवता येत नाही."

मी पर्स उघडली आणि 'प्रिय येथे नाव लिहा' त्यांच्यापुढे ठेवलं. "हे वर दाखवा. कोण किती भारावलं होतं ते कळू दे सगळ्यांना."

साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चेक बाहेर आला.

तेवढ्यात सानिकाने कोरा कागद ओढला आणि लिहायला बसली.

"वाच गो," वडील म्हणाले.

तिने वाचलं. "बाबांनी मला बारावीपर्यंत शिकवलं आणि आता एसटीचा पास काढून देणार आहेत. तुम्ही कोर्सची फी दिलीत. तुम्हा दोघांचे आभार."

त्यांनी तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग हात पँटला पुसून, एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. चेक उचलून सानिकाच्या हातात दिला.

आणि पेन साहेबांपुढे धरलं.

"आभार दोगांचे हायेत. आता तुमी करा सही."