लेकीला बाळंतिणीचा खुराक

माझ्या लेकीला थॅलेसेमिया आहे, जन्मापासूनच. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी कुसगावहून पुण्याला नेऊन रक्त चढवावं लागतं. एवढं आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मात्र कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साठतं आणि हृदयात, लिव्हरमध्ये जाऊन बसतं. ते बाहेर काढायला ती रोज सकाळी पाण्यात गोळी विरघळवून पिते. तोंड वाकडं करते, पण पिते.

आणि आमचे लोक? रक्त कमी म्हटलं की यांना बाळंतिणीचाच खुराक सुचतो. अळीव, खारीक, काळा गूळ, वर सगळं लोखंडी कढईत. डॉक्टरांनी जेवणासोबत बिनदुधाचा चहा द्यायला सांगितलाय, त्याने अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. तो दिला की मी कैदाशीण. "पोरीला च्या पाजती, म्हून तर रगत आटतंय," हे मी भर लग्नात ऐकून घेतलंय.

यंदा मे महिन्यात लेक पवनानगरला आत्याकडे राहायला गेली. ही माझी थोरली नणंद. जीव लावणारी बाई आहे, त्याचाच मला जास्त राग येतो. परत आल्यावर तपासणी केली तर लोह भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? लेकीने मान खाली घालून सांगितलं: रोज अळिवाची खीर, कुणा वैदूने दिलेली पाल्याची पूड, आणि गोळी बंद. का, तर म्हणे उष्ण पडते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी नणंद स्वतःच आली, अळिवाचे लाडू घेऊन. घरात दीर-जाऊही होते.

"आगं, झाडपाल्यानं काय वाईट हुत न्हाई," ती म्हणाली.

"वन्सं, पाल्याला माझी ना नाही. डॉक्टरांना विचारून खुशाल द्या. पण गोळी बंद करायला तुम्हाला सांगितलं कुणी? उद्या तिच्या हृदयाला काही झालं तर तो वैदू येणार आहे का?"

नणंदेने लाडू माझ्यापुढे सरकवले. मग मला राहवेना.

"काही द्यायचंच असेल तर रक्त द्या. पुढच्या खेपेला माणूस हवाय."

दीर म्हणाले, "मला लय अशक्तपणा येतो." जन्मात कधी रक्त दिलेलं नाही, तरी येतो! नणंदेने पदर सावरला. "आमच्या अंगात कुटं गं येवढं रगत?"

"मग ते लाडू तुम्हीच खा," मी म्हटलं.

नणंद रडायला लागली. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. लेकीला वाटलं. ती उठून आत्याला चिकटून बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, भीती वाटते का गं? सुई टोचताना दुखतं. मग नाही दुखत."