क्वार्टरबॅकवरून पडलेला दात

बाबांचा वरच्या ओळीतला पुढचा एक दात जरासा तिरका आहे. तो मी बसवलाय. माझ्या क्लिनिकमध्ये नाही, नॉटिंगहॅमच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी, हातमोजे न घालता. आणि तो पडला होता अमेरिकेतल्या एका माणसावरून, ज्याला आमच्यापैकी कुणी कधी भेटलेलं नाही.

तो माणूस क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉल ज्यांनी बघितला नाही त्यांना एवढंच सांगते, की जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू आधी ह्याच्या हातात येतो, तो कुणाकडे फेकायचा हे हाच ठरवतो, आणि तेवढ्या वेळात समोरचे लोक ह्याला जमिनीत गाडायला धावत असतात. ह्याचे स्वतःचे धिप्पाड गडी पुढे भिंत करून उभे राहतात. भिंत फुटली की ह्याचं काही खरं नसतं.

हा खेळ आमच्या घरात भावाने आणला. मी नऊ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो, भाऊ त्यानंतर जन्मला. दात पडला त्या वर्षी तो युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि तिथल्या टीमचा क्वार्टरबॅक होता. रविवारी दुपारी तो स्वतः खेळायचा, आणि संध्याकाळी सहाला टीव्हीवर अमेरिकेतली मॅच लागायची. मी माझ्या फ्लॅटवरून जेवायला यायचे.

बाबा हाडांचे सर्जन, आई जीपी, मी डेंटिस्ट. बाबा पाहुण्यांना माझी ओळख 'आमची अर्धी डॉक्टर' अशी करून देतात. चौघांचाही आवाज मोठा आणि चौघांचंही डोकं गरम. आमटीत मीठ कमी पडलं ह्यावरूनसुद्धा आमच्याकडे हमरीतुमरी होते. शेजारची बाई एकदा काळजीने दार वाजवून गेली होती. दारं आपटायची, ताट ढकलायचं, ह्या घरात परत पाय ठेवणार नाही म्हणायचं आणि पुढच्या रविवारी डबा घेऊन हजर व्हायचं, हा आमचा शिरस्ता. त्यात मीच सगळ्यात पुढे. त्यामुळे त्या हिवाळ्यात भाऊ जास्त चिडायला लागला तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही. आईला उलट वाटलं, पोरगा अखेर आमच्यावर गेला.

तो पडला तेव्हा मी मैदानाच्या कडेला उभी होते. बोचरा वारा होता, हातातली कॉफी गार झाली होती. त्याने फेकायला हात मागे घेतला आणि डावीकडून, त्याला न दिसणाऱ्या बाजूने, एक जण सुसाट आला आणि खांदा घालून त्याच्या छातीत घुसला. भावाचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. खाली आला तो डोक्याच्या मागच्या बाजूवर. हेल्मेट आपटल्याचा आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. एकदा आपटलं, उसळलं आणि परत आपटलं. वरचा माणूस त्याच्या छातीवर हात रोवून उठला, ओरडला, स्वतःच्या छातीवर बुक्क्या मारून घेतल्या. खाली भावाचे हात कोपरात वाकून हवेत तसेच ताठ राहिले होते. मी कॉफी टाकून धावले, पण मी पोचेपर्यंत तो उभा होता आणि कोचला सांगत होता, "रिब्ज. जस्ट रिब्ज." हाफटाइमनंतर तो परत खेळला.

घरी बाबांनी त्याला शर्ट काढायला लावला. सोफ्यावर बसवून एकेक बरगडी दाबली, श्वास घ्यायला लावला, मन लावून तपासलं. "काहीही मोडलेलं नाही," ते खुशीत म्हणाले.

"बाबा, त्याचं डोकं आपटलं. मी बघितलं."

"तू लांब उभी होतीस. आणि हेल्मेट असतं."

"डोकं दुखतंय का रे?" आईने विचारलं.

"नो, आई. माझा डोकं फाइन आहे." त्याचं मराठी असंच, शब्दाचं लिंग तोंडाला येईल ते. "ताई, प्लीज. कोचला हेड म्हटलं तर तो मला बेंच करेल, खेळायला देणार नाही. फॉर वीक्स."

दोन आठवड्यांनी त्यांची मोसमातली सगळ्यात मोठी मॅच होती आणि ती त्याची युनिव्हर्सिटीतली शेवटची. त्याने ती खेळू नये, एवढंच मला हवं होतं. आधीचा मार भरला नसताना डोकं दुसऱ्यांदा आपटलं तर माणूस मरू शकतो, हे आम्हा तिघांनाही कॉलेजात शिकवलेलं आहे. पण बाबांच्या दृष्टीने बरगड्या शाबूत होत्या आणि विषय संपला होता. भाऊ तर डोक्याचं नाव काढलं की खोलीतून उठून जायचा.

म्हणून भांडण टीव्हीतल्या माणसावर गेलं. त्याच संध्याकाळी तोही तसाच आपटला होता. त्याला तपासायला बाजूच्या तंबूत नेलं आणि थोड्या वेळाने तो परत मैदानात आला. स्टेडियमने त्याला डोक्यावर घेतलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"ह्याला म्हणतात लीडर," बाबा म्हणाले. "मी मूतखडा दुखत असताना आख्खं हिप रिप्लेसमेंट केलं होतं. घाम गाळत. कुणाला कळू दिलं नाही."

"पेशंटला विचारलं होतंत, चालेल का म्हणून?" मी म्हटलं.

"ती पेशंट अजून चालते!"

त्या क्वार्टरबॅकच्या हाताबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. तीन राक्षस अंगावर येत असताना तो पाय रोवून उभा राहायचा आणि चेंडू असा सोडायचा, की धावणाऱ्याच्या हातात अलगद पडावा. ते मला आवडायचंच. पण त्याचा स्वभाव बघून माझं पित्त खवळायचं. पास चुकला की तो आपल्याच गड्याच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला हिसडायचा. बाकावर बसून हातातला टॅबलेट आपटून फोडायचा. भाऊ म्हणायचा, ते पॅशन आहे. बाबा म्हणायचे, मीसुद्धा ऑपरेशन थिएटरमध्ये ओरडतो, त्याशिवाय कामं होत नाहीत. आई म्हणायची, हो, आणि नर्सेस रडत घरी जातात. आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर हेच चाललं होतं. मी त्याच्या चुकांचे व्हिडिओ टाकायचे, भाऊ शिव्या टाकायचा. त्याने पूर्वी मला कधी शिवी दिली नव्हती. बुधवारी त्याने खोलीच्या भिंतीला बुक्की मारून भोक पाडलं. बाबा म्हणाले, इथल्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे.

पुढच्या रविवारी त्याला मॅच नव्हती. मी गेले तेव्हा तो सोफ्यावर लवंडला होता. "ताई, आज जेवायला काय आहे?" त्याने विचारलं. मटकीची उसळ, मी सांगितलं. मॅच सुरू झाली. थोड्या वेळाने त्याने परत विचारलं, आज जेवायला काय आहे. "बहिरा आहेस का?" मी खेकसले.

टीव्हीवर क्वार्टरबॅक पहिल्याच चुकीला आपल्या माणसाच्या अंगावर धावून गेला.

"गेल्या वर्षी हा असा नव्हता हो," आई म्हणाली. ती वाट्या भरत होती. "गेल्या वर्षी हरला तरी हसायचा. माझ्याकडे असा पेशंट आला ना, एकाएकी तापट झालेला, तर मी आधी त्याच्या बायकोला विचारते, डोक्याला मार लागला होता का."

"अगं, तू टीव्हीवरून डायग्नोसिस करतेस?" बाबा हसले.

"आई, मोठा दिवा बंद कर ना," भाऊ म्हणाला. आईने त्याच्या हातात उसळीची वाटी दिली आणि दिवा बंद केला. तीन डॉक्टर त्या खोलीत बसलो होतो, आणि तिघेही टीव्हीकडे बघत होतो.

मग तो दुसरा मार बसला. भिंत दोन्हीकडून एकदम फुटली. एकाने क्वार्टरबॅकचे गुडघे धरले, दुसरा वरून गळ्याशी आला आणि तो मधोमध मोडल्यासारखा दुमडला. रिप्ले पुन्हा पुन्हा दाखवले. प्रत्येक वेळी मान मागे जायची आणि हेल्मेट गवतावर आदळायचं. तो उठला, दोन पावलं भलत्याच दिशेला गेला, थांबला. एका सहकाऱ्याने त्याला दंडाला धरून वळवलं तर त्याने त्यालाच ढकलून दिलं.

"बघ!" बाबा ओरडले. "पडला तरी उठला!"

"बाहेर काढा त्याला!" मीही ओरडले. "लीडर कसला, भित्रा आहे तो. आपण बसलो तर दुसरा कुणी आपली जागा घेईल म्हणून त्याची फाटते. टीमबिम काही नाही. खोटारडा आहे." आणि मी भावाकडे वळले. "तुझ्यासारखाच."

वाटी माझ्या कानाशेजारून गेली आणि भिंतीवर आपटली. मी मान वळवते तोवर तो माझ्यावर होता. त्याने माझे केस मुठीत धरले आणि मला पुस्तकांच्या कपाटावर आपटलं. काच फुटली. परत आपटलं. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना काय वाट्टेल ते बोललोय, पण अंगाला हात कुणी लावला नव्हता. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता आणि त्यात मला ओळखणारं कुणी नव्हतं. मला त्याची भीती वाटली. लहानपणी त्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय, आणि मला वाटलं, हा आता मला मारून टाकणार.

बाबा मध्ये घुसले. भावाने हात मागे घेतला, चेंडू फेकायला घेतात तसा, आणि आख्खा खांदा लावून बुक्की मारली. ती बाबांच्या तोंडावर बसली. तो आवाज मी ओळखते. बाबा टीपॉयवर पडले, टीपॉय मोडला, आणि आई अशी किंचाळली, की टीव्हीतलं स्टेडियम ऐकू येईना. तिने मोठा दिवा लावला. दिवा लागला तसे भावाने दोन्ही हातांनी डोळे झाकले, भेलकांडला आणि सोफ्यावर बसला.

दात टीपॉयखाली सापडला. मी तो वरच्या टोकाला धरून उचलला, मुळाला बोट लागू दिलं नाही. बाबांना ओढत सिंकपाशी नेलं, दात दुधात विसळला आणि म्हटलं, "दुखेल." हिरडीत खड्डा होता आणि त्यातून रक्ताची धार लागली होती. मी दात आत ठेवून अंगठ्याने जोर लावला. बाबांनी माझं मनगट आवळलं, त्यावर त्यांच्या बोटांचे वळ पुढे कितीतरी दिवस होते. तोंडातून आवाज काढला नाही. मी रुमालाची घडी करून त्यांना चावायला दिली. "आता तोंड उघडायचं नाही. एक शब्दसुद्धा बोलायचा नाही."

आम्ही बाहेर आलो. भिंतीवरून उसळ ओघळत होती. भावाने डोळ्यांवरचे हात काढले, बाबांकडे बघितलं, आणि ताडकन उभा राहिला.

"बाबा! हे कोणी केला?" तो घाबरला होता. त्याने बाबांच्या शर्टावरच्या रक्ताला हात लावला, मग मुठी वळल्या, दाराकडे बघितलं, कपाटाच्या फुटक्या काचेकडे बघितलं. "कोण आला होता? हू डिड धिस टू यू? ताई, सांग ना!"

त्याच्या उजव्या हाताची कातडी सोलवटली होती. आई तोंडावर पदर असल्यासारखा हात धरून उभी होती, साडी तिने कित्येक वर्षांत नेसली नव्हती. मला रडू फुटलं. मग बाबांनी त्याची हनुवटी धरली, चेहरा दिव्याकडे वळवला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. एकदा एकात, एकदा दुसऱ्यात. एक बाहुली मोठी दिसत होती. बाबांनी त्याचे हात हळूच खाली घेतले, मुठी उघडल्या आणि आईला खुणेने गाडी काढायला सांगितली.

हॉस्पिटलपर्यंत तो मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसला होता. दोनदा त्याने विचारलं, बाबांना काय झालं. दोन्ही वेळा मी म्हटलं, पडले.

ए अँड ईच्या, म्हणजे इमर्जन्सी विभागाच्या, काउंटरवरची बाई बाबांना बघून उठलीच. इथल्या बायका सगळ्यांना लाडाने डक म्हणतात. "ओ डक," ती म्हणाली, "व्हॉट्स हॅपन्ड टू यू?" आणि खुर्ची आणायला वळली. बाबांनी तिला थांबवलं. मी बजावलं होतं तरी त्यांनी तोंडातला रुमाल काढला, हनुवटीवरून रक्त गळ्यापर्यंत आलं. ते भावाकडे बोट दाखवत होते, ज्याच्या अंगावर हाताशिवाय कुठे ओरखडाही नव्हता.

"नॉट मी. माय सन. हेड इंजरी, अ वीक ओल्ड." त्या बाईला सांगायचं काही कारण नव्हतं, तरी त्यांनी तिला सांगितलं, "आय एम अ डॉक्टर. आय एग्झॅमिन्ड हिज रिब्ज."